केशरी गळ्यापुढचं शून्य

दर वर्षी मी ठरवते की हे शेवटचं. आणि दर वर्षी जूनच्या सुरुवातीला, पहाटे साडेतीनला, मिनेसोटाच्या पार उत्तरेकडच्या एका मोटेलमध्ये मी डोळे चोळत थर्मासमध्ये चहा भरत असते. घरी, आमच्या शॉमबर्गला, तोवर लोकांचे एसी सुरू झालेले असतात. इथे मात्र वसंत आत्ता कुठे पोचत असतो. खड्ड्यांत अजून थंडगार पाणी, झाडांना कोवळी पालवी, आणि डास तर असे, की तोंड उघडायची सोय नाही.

हा सगळा नवऱ्याचा नाद. तो पुण्याचा, मी नागपूरची, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचे नियम त्याने करायचे आणि कुरकुर मी करायची, अशी आमची वाटणी आहे. त्याचा पेशा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. मिनेसोटातल्या एका पक्षीप्रेमी क्लबसाठी तो अकरा वर्षं एका कच्च्या रस्त्यावरचे पक्षी मोजतो. रस्ता जातो दलदलीतून, दोन्ही बाजूंना स्प्रूसची काळी, उंच, किडकिडीत झाडं. त्यावर तीस थांबे. प्रत्येक थांब्यावर गाडी बंद करायची, खाली उतरायचं, पाच मिनिटं ऐकायचं. जंगल इतकं दाट की पक्षी दिसतो क्वचितच, सगळा खेळ कानांचा.

आणि नियम असा, की ऐकायचं एकाच माणसाने. दुसऱ्याने फक्त लिहायचं. लिहिणाऱ्याने बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही, सुचवायचं तर मुळीच नाही. दोघांचे कान लागले की वर्षावर्षांची तुलना बिघडते म्हणे. लिहिणारी मी. त्यात नवऱ्याची आपली भर: बांगड्या काढून ठेवायच्या, सळसळणारं जॅकेट घालायचं नाही, आणि गाडीत चिवडा बंद, कारण तो कुरकुरतो. पहिल्या वर्षी मी म्हटलं होतं की मला श्वास घ्यायची तरी परवानगी आहे ना. हळू घे, म्हणाला. थट्टा नव्हती ती.

टेस्टिंगवाल्यांची एक खोड असते. जे सापडलं ते तर लिहायचंच, पण जे शोधलं आणि सापडलं नाही, तेही लिहायचं. क्लबवाले हे मागत नाहीत, हा आपणहून करतो. एका पक्ष्यासाठी तर हमखास. अंगठ्याएवढा वॉर्बलर आहे एक, गळा अस्सल केशरी, स्प्रूसच्या अगदी शेंड्यावर बसून गातो. आवाज बारीक, आणि शेवटी तो आणखी बारीक होत वर चढतो. नवऱ्याला हे जंगल आवडायला लागलं ते त्या पक्ष्यामुळे. तो आवाज कसा ओळखायचा, हे मला त्यानेच शिकवलं. फोनवर लावून, स्वयंपाक करताना, माझं डोकं उठेपर्यंत.

दोन वर्षांपूर्वी चौथ्या थांब्यावर तो पक्षी आमच्या डोक्यावर गात होता. मी पेन्सिल टेकवून वाट बघत होते. नवऱ्याने सुतार सांगितला, डोमकावळा सांगितला, दूर तळ्यावरचा लून सांगितला, आणि शेवटी म्हणाला, "केशरी गळा, शून्य." मला वाटलं, लक्ष नसेल. पुढच्या थांब्यावर पुन्हा शून्य. त्याच्या पुढच्यावर पुन्हा. वर पक्षी गातोय आणि खाली मी शून्य काढतेय.

मग घरी आल्यावर माझ्या ध्यानात यायला लागलं. मायक्रोवेव्ह कोकलत असायचा आणि हा शेजारी उभा राहून पेपर वाचायचा. लेकीचा फोन आला की नेटवर्क खराब आहे म्हणून माझ्याकडे द्यायचा. ती एकदा म्हणालीच, आई, इट्स नॉट द नेटवर्क. मी विषय बदलला. नवरा अठ्ठावन्नचा. कान तपासून घे म्हटलं असतं तर त्याने मलाच तपासून घ्यायला सांगितलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. खरं म्हणजे मी दमले होते. घर, माझी नोकरी, आजारपणं, भारतातले फोन, सगळं निस्तरून झाल्यावर आणखी एक जड गोष्ट उचलून त्याच्यासमोर ठेवायची ताकद माझ्यात उरली नव्हती. नियम आहे ना, मग गप्प बसायचं. बरं पडत होतं मला.

तो मात्र झुरत होता. केशरी गळा संपला, असं त्याने मनाशी धरलं. महाराष्ट्र मंडळात भेटेल त्या काकांना तो जंगलं कशी मुकी होताहेत ते सांगायचा. लोक हळहळायचे, मी समोशाच्या रांगेत जाऊन उभी राहायचे. आणि या वर्षी इकडे येताना, विस्कॉन्सिन ओलांडताना, त्याने सांगून टाकलं, की यंदाही तो पक्षी मिळाला नाही तर हे काम कायमचं सोडायचं. रिकाम्या जंगलात येऊन उभं राहवत नाही आता. तो समोर रस्त्याकडे बघत बोलत होता, डोळे ओले होते त्याचे.

आणि मला काय झालं? आनंद झाला. लाज वाटते सांगायला, पण झाला. पुढच्या जूनमध्ये मी आपल्या पलंगावर आठपर्यंत लोळणार होते. त्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं, फक्त आणखी तीस शून्यं काढायची होती.

नऊ काढली. सहाव्या थांब्यावर एक मूसची, म्हणजे त्या घोड्याएवढ्या हरणाची, मादी दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी होती, तोंडातून पाणपाला लोंबत होता. तिनेही आमच्याकडे कंटाळूनच पाहिलं. नवरा हसला नाही. एरवी मूस दिसलं की दिवसभर बोलतो.

दहाव्या थांब्यावर ऊन शेंड्यांवर आलं होतं. केशरी गळा एक नाही, दोन होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांना उत्तरं देत होते. नवरा मधोमध उभा, मान वर, तोंड किंचित उघडं. इतकं जीव लावून ऐकत होता की मला बघवेना. पाच मिनिटं झाली. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "शून्य."

मी लिहिलं नाही.

"आहेत," मी म्हटलं. "दोन आहेत. आत्ता गाताहेत."

आधी तो चिडला, नियम मोडला म्हणून. मग त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. मी आवाज ऐकला की बोट वर करत होते, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला.

"गेल्या वर्षी?" त्याने विचारलं.

"होते. त्याच्या आदल्या वर्षीही."

मला वाटलं, आता हा कानांचं काही तरी बोलेल, माझ्यावर ओरडेल. तो गाडीच्या बॉनेटवर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आहेत ते. गेले नाहीत." दोनदा म्हणाला. मी जवळ गेले, पाठीवर हात ठेवला. मला वाटत होतं की मी याची दोन वर्षं चोरली आहेत, आणि तसं मी त्याला सांगितलंही. का, असं त्याने विचारलं. कंटाळले होते रे, म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतं सांगायला.

त्याने माझ्या हातातला कागद घेतला, त्यावर आडवी रेघ मारली, आणि हा मोजणीत धरू नका असं खाली लिहून सही केली. काम संपलं होतं. मी गाडी चालवायला बसले, मोटेलकडे वळवू लागले. तो म्हणाला, पुढे घे.

अकराव्या थांब्यावर तो उतरला नाही. काच खाली केली आणि म्हणाला, "तू जा. ऐकून ये."

मी गेले. पाच मिनिटं उभी राहिले. परत येऊन खिडकीशी वाकले आणि एकेक पक्षी त्याला सांगितला, जरा मोठ्याने.