ओ द्यायची राहून गेली

दहा मिनिटं, म्हणते मी, आणि गोधडी डोक्यावरून ओढून घेते. माझी भाची समू जिना उतरून जाते. खाली अंगणात चुलाण्यावर पाणी ठेवलंय, त्याचा धूर खिडकीच्या फटीतून वर येतो आहे. पहाटेचे साडेपाच झाले असावेत. या घरात मी नऊ वर्षांनी मुक्कामाला आले आहे. रात्रभर नुसती कूस बदलत पडले होते आणि आता निघायची वेळ झाली तर डोळे मिटायला लागलेत. माझं सगळं असंच अवेळी.

पाय जड होतात. कुणीतरी पायांवर बसलं आहे.

"पाय घे वं तिकडं," सिंधू म्हणते.

मी पाय आखडून घेते. ती ऐसपैस मांडी घालून बसते. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा. साडीवर पुंडलिकरावांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा स्वेटर आहे. कोपरावर उसवलाय. इतक्या वर्षांनी बहीण समोर आली आणि माझी नजर आधी उसवणीवर गेली. सिंधू माझी धाकटी बहीण. ती जाऊन नऊ वर्षं झाली, हे मला झोपेतही चांगलं ठाऊक आहे, म्हणून मी हलत नाही. हललं की स्वप्न मोडतं, एवढं आतापर्यंत शिकले आहे.

ती शेंगा सोलते. मला झोप लागली नाही का, विचारते. म्हटलं, तुझ्या घरात मला कुठली झोप. मग कशाला आलीस, कुणी बोलावलं, म्हणते.

"तुह्या पोरीनं," मी सांगते.

तिचे हात थांबतात.

इथं जत्रेचं सांगायला हवं, नाहीतर समूनं मला का बोलावलं ते कळायचं नाही. उमरदरीला पौषातल्या दुसऱ्या रविवारी हाकांची जत्रा भरते. उजाडताना, नदीवर धुकं असतं तेव्हा. गावात लग्न होऊन आलेल्या बाया अलीकडच्या काठावर उभ्या राहतात आणि त्यांची माहेरची माणसं पलीकडच्या. कुणाला कुणी दिसत नाही. बाईनं आपल्या माणसाला हाक मारायची आणि त्यानं तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची. पहिल्या-दुसऱ्या हाकेला जो फसला त्याच्या तोंडाला राख फासतात आणि भोंग्यावरून त्याचं नाव पुकारतात. जुनी समजूत अशी की हाकामारी नावाची हडळ धुक्यात ओळखीच्या आवाजात बोलावते, पण दोनदाच. तिसऱ्यांदा बोलावतं ते माणूस. हल्ली बाहेरगावचे लोक गाड्या करून येतात, फोटो काढतात, गरम भजी खातात आणि ही कसली जत्रा म्हणून हसत परत जातात. पहिल्या वर्षी मीही हसले होते. मग मला चटकच लागली. मी गणिताची मास्तरीण. नियम म्हटला की तो मला पाळून दाखवायचा असतो, आणि अकरा वर्षं माझ्या तोंडाला राख लागली नाही. सिंधू मला फसवायला नाही नाही ते करायची. रडका आवाज काढायची, साप निघाला म्हणायची, एकदा तर पडल्याचं सोंग केलं होतं तिनं. मी ओठ दाबून तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहायची.

आणि जिची आई नाही अशी मुलगी अठरा वर्षांची झाली की आईच्या जागी उभी राहून हाक मारते. आज समूची पहिली हाक आहे. फोनवर म्हणाली, आईकडची तूच एक उरलीस, मावशी, तू नाही आलीस तर मी कुणाला बोलावू? मी हो म्हटलं. मनाशी ठरवलं आहे की पहिल्याच हाकेला ओ द्यायची. सगळ्या गावानं राख फासली तरी चालेल.

सिंधूला हे मी सांगते. ती ऐकते की नाही कोण जाणे. सुपातल्या शेंगा संपत नाहीत.

गोधडी पांढरी होत जाते. तिचा वास ओला येतो. मी हात बाहेर काढते तर हात दिसत नाही, कारण हे नदीवरचं धुकं आहे आणि मी पलीकडच्या काठावर उभी आहे. पायाखाली तेच चिखलाळ गवत, बाजूला त्याच माहेरच्या माणसांच्या शाली. भोंगा खरखरतो आहे. समोरून शंभर बाया एकदम ओरडताहेत, दादा, बाबा, वयनी, मामा. त्या शंभरांत मला तिचा आवाज वेगळा कळतो. नऊ वर्षांपूर्वीही कळला होता.

"ताई."

ही पहिली. मी हसले होते.

"ताई, ये वं."

ही दुसरी. या हाकेत भीती होती. मी शेजारच्या बाईला कोपर मारून म्हटलं होतं, बघा, यंदा काय झकास सोंग केलंय. आणि ओठ दाबून तिसरीची वाट बघत राहिले होते. तिसरी आली नाही. मला वाटलं, मला दमवते आहे. ऊन वर आलं, धुकं उठलं, अलीकडच्या काठावर एकेक बाई दिसायला लागली आणि सिंधूच दिसेना. आवाज लांब जावा म्हणून ती घाटाच्या खालच्या दगडावर उतरली होती आणि त्या दगडावर शेवाळ होतं. दहाच्या सुमाराला खाली बंधाऱ्याशी सापडली.

मला सगळ्यांनी विचारलं. पोलिसांनी विचारलं, पुंडलिकरावांनी विचारलं. नऊ वर्षांची समू नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं की एवढ्या गलक्यात मला काहीच ऐकू आलं नाही. सगळ्यांना पटलं. शेजारची बाई कुठल्या गावची होती देव जाणे, ती पुन्हा कधी भेटली नाही. पुंडलिकराव तर माझीच समजूत घालत होते.

धुकं विरतं आणि मी वर्गात आहे. सातवी ब. बाकांखालून घोट्याएवढं पाणी वाहतंय, पण पोरं गप्प बसली आहेत. मी हजेरी घेते आहे. सगळी हजर म्हणतात. शेवटच्या बाकावर सिंधू शेंगा सोलते आहे. मी तिचं नाव घेते. ती मान वर करत नाही. मी पुन्हा घेते. तिसऱ्यांदा घ्यायला तोंड उघडते आणि मला ते नाव आठवत नाही. सख्ख्या बहिणीचं नाव. मी हजेरीपटात शोधते, तर शाई पाण्यात उतरून गेली आहे.

"थांब," ती म्हणते. "मी येतो तुह्यापाशी."

ती पाण्यातून चालत येते आणि टेबलाच्या कडेला टेकते. तिच्या अंगाला तूर आणि धुराचा वास आहे. मला तिला धरावंसं वाटतं, पण धरवत नाही. मला वाटतं, आता नाही विचारलं तर मी अशीच मरेन.

"सिंधे, एक विचारू?"

"विचार. पाणी तापेपर्यंत आहो मी."

"त्या दोन हाका खेळातल्या होत्या का खऱ्या होत्या?"

ती माझ्याकडे बघते. रागानं नाही, नवल वाटल्यासारखी.

"पण तू तं सांगतलं, तुले काही ऐकूच आलं नाही."

पोरं माझ्याकडे बघताहेत. मला खोटं बोलायची इतकी सवय झाली आहे की आताही जिभेवर तेच येतं.

"ऐकलं होतं," मी म्हणते. "दोन्ही ऐकल्या होत्या."

नऊ वर्षांत हे मी पहिल्यांदा बोलले, आणि तेही जिला सांगून काही उपयोग नाही तिला. ती मान हलवते. एक शेंग सोलून दाणे माझ्या हातावर ठेवते, लहानपणी मी तिला द्यायची तशी.

"तिसरी मीच मारली नाही," ती म्हणते. "तिसरीले तू पाण्यात उतरली असती. तुले कुठी पोयता येते."

असं होतं तर. तिनंच मला वाचवलं होतं. मला रडू फुटतं आणि रडता रडता लक्षात येतं की हे वाक्य माझं आहे. ते मीच रचलं आहे, किती रात्री घोटून घोटून. सिंधू अशी बोलायचीच नाही. ती करंज्यांतली मोठी उचलायची, माझी साडी न विचारता नेसायची, आणि पाण्यात पडली असती तर तिनं मला तीन नाही, तीनशे हाका मारल्या असत्या. मला तिचा राग येतो. मेल्यावर एवढं चांगलं वागायचं काय कारण?

"माह्या मनासारखं नको सांगू," मी म्हणते. "खरं सांग."

ती सूप खाली ठेवते. वर्ग नाही, पोरं नाहीत. घाटाचा खालचा दगड आहे आणि त्यावर आम्ही दोघी. तिचे ओठ निळे पडले आहेत.

"मले याद नाही, ताई," ती म्हणते. "पाणी लय थंडं होतं."

म्हणजे आता कुणालाच माहीत नाही. मी एवढी वर्षं धरून चालले होते की निदान तिला तरी माहीत असेल, कुठंतरी ते लिहिलेलं असेल, भेटली की विचारता येईल. तिला आठवत नाही. विचारायला आता कुणी उरलं नाही.

ती उठते. कुठं निघालीस, म्हटलं, तर पाणी तापलं, म्हणते. धुक्यात चार पावलं जाते आणि मला स्वेटरची पाठ तेवढी दिसते, मग तीही नाही.

"ताई."

"ओ," मी लगेच म्हणते.

"ताई, ये वं."

"ओ. सिंधे, ओ. ओ."

माझा आवाज धुक्यात शिरतच नाही. मी ओरडते. नियम गेला खड्ड्यात, मी छाती फुटेपर्यंत ओ देते, एकामागून एक, नऊ वर्षांच्या राहिलेल्या सगळ्या. पलीकडे काही हलत नाही. घशात काहीतरी फाटतं तरी मी थांबत नाही.

खिडकीत उजेड आहे. गोधडी तोंडात गोळा झाली आहे, दातांत धरलेली. मी ती काढते. तोंडाला खारट चव आहे, पदराला पुसलं तर रक्ताचा बारीकसा डाग येतो. घसा आतून सोलल्यासारखा झाला आहे. मी गोधडीत ओरडत होते म्हणजे. खाली कुणाला ऐकू गेलं नसणार.

अंगणातून समूची हाक येते.

"मावशी."

तिचा आवाज अगदी आईचा आहे. काल बोलताना जाणवलं नव्हतं, हाक मारताना जाणवतं. मी ठरवलं होतं ना, पहिल्याच हाकेला. मी तोंड उघडते. हवा येते. आवाज येत नाही. मी आवंढा गिळते, पुन्हा जोर लावते, आणि फाटक्या भात्यासारखी नुसती हवा येते.

"मावशी, ये वं."

मी उठायला जाते. पाय बधिर झालेत, मी पलंगाच्या कडेला धरून उभी राहते.

खाली समू हसते. "बाबा, मावशी आतापासूनच खेळून राह्यली. तिसरीबिगर ओ देत नाही ना मावशी."

"खेळू दे," पुंडलिकराव म्हणतात. "लय वर्षांनी खेळून राह्यल्या त्या. चाल, आपण काठावर होऊ, त्या पलीकडं जातीन. तिसरी तठीच मार."

फाटकाची कडी वाजते. मी भिंतीला धरून खिडकीपाशी पोचते आणि ती ढकलते. बाहेर रस्ता नाही, झाडं नाहीत, सगळं पांढरं आहे. चपलांचा आवाज नदीकडे चालला आहे आणि मधेच पोरगी हसल्याचं ऐकू येतं. मी दोन्ही हात बाहेर काढून हलवते. या धुक्यात ते कुणाला दिसत नाहीत.