चहा निवायच्या आत

डिसेंबर आला की माझं डोकं फिरायला लागायचं. बेसबॉल संघाच्या कचेरीत एकेक खेळाडू इस्त्रीचा सूट घालून पुढच्या वर्षीच्या पगाराचं बोलायला जायचा. कालची पोरं तासन्‌तास आत बसायची, करारावर शिक्का न मारताच बाहेर यायची आणि पत्रकारांसमोर गाल फुगवून म्हणायची, "अजून विचार करतोय." आणि आमचे हे? पगार ठरवणाऱ्या सुगामोतोसाहेबांनी पुढे सरकवलेला चहा निवायच्या आत खिशातून सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का काढायचे, लाल शाईत टेकवायचे, कागदावर दाबायचे, कमरेत वाकायचे की बाहेर. आकडा वाचायचेसुद्धा नाहीत. खाली थांबलेले पत्रकार एकमेकांना सांगायचे, "इवाकिरी वर गेलाय ना? मग बसू नका, उभेच राहा."

कानेयोशी इवाकिरी. सतरा वर्षं एकाच संघात कॅचर, तोही राखीव. म्हणजे मैदानाच्या कडेला उकिडवं बसून, चेंडू टाकणाऱ्या पिचरांचे सरावाचे चेंडू झेलत राहायचं. सामन्यात पिचर चमकला की दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो. त्याला दुपारपासून तापवून कोणी दिला, हे विचारायला माझ्या उदोनच्या, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांच्या, दुकानात कोण येतंय? बरं, हा माणूस मुका म्हणावा तर तसंही नाही. रश्श्यात मीठ कमी पडलं तर अर्धा तास बोलतो. पगाराचं नाव काढलं की मात्र तोंड शिवल्यासारखा गप्प.

"अहो, एकदा तरी तोंड उघडा," मी दरवर्षी म्हणायचे.

"देतात की ते," हे म्हणायचे.

"देतात! मागितल्याशिवाय आईसुद्धा जेवायला वाढत नाही."

त्यावर हे बुटांना पॉलिश करत बसायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी हे अडतीस वर्षांचे झाले आणि मी ठरवलं, आता बास. हे आंघोळीला गेल्यावर सुटाच्या खिशातली शिक्क्याची डबी उघडली, शिक्का काढून माझ्या एप्रनमध्ये टाकला आणि डबीत दुकानाच्या फळ्यावरचा खडूचा तुकडा ठेवला. शिक्काच नसला तर मारतील काय, कपाळ? झक मारत "विचार करून सांगतो" म्हणावं लागेल. हे गेले आणि मी गाणं गुणगुणत पीठ मळायला घेतलं.

दुपारी मोगी आले. क्रीडा-पानावर लिहितात ते, आमचं जुनं गिऱ्हाईक. "वहिनी, आज मी कचेरीकडे फिरकलोच नाही," भांड्यावर वाकत ते म्हणाले, "तुमच्या यजमानांचं काय, आतापर्यंत झालं असेल."

मला राहवेना. खडूची गंमत सांगून टाकली. मोगींनी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"वहिनी, हे काय करून बसलात? विद्यापीठातला नवा कॅचर घेतलाय त्यांनी. राखीव कॅचरची जागा राहिलीय एक. साहेबांनी परवाच सांगितलंय, वयस्करांपैकी जो आज घासाघीस करेल त्याच्या हातात नारळ."

करायला गेले एक आणि होऊन बसलं भलतंच. दुकान मोगींच्या भरवशावर टाकलं, पिठाचे हात एप्रनला पुसले आणि सायकल काढली. चढावर दोनदा उतरावं लागलं, आणि दोन्ही वेळा मी स्वतःलाच शिव्या घातल्या.

कचेरीच्या वरच्या खोलीत सुगामोतोसाहेब कपाळाला हात लावून बसले होते. समोर आमचे हे, मान खाली, उजवा अंगठा लालभडक. टेबलावर चहा भरलेला, पार निवलेला, आणि शेजारी तो खडू.

"या, इवाकिरीबाई, बसा," साहेब म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. "तुमच्या यजमानांनी मघाशी खडूने करार करायचा प्रयत्न केला."

मी तोंडावर हात ठेवला.

"म्हटलं, जाऊ दे, अंगठा चालेल. तर हे बघा."

कागदावर तीन लाल डाग होते, खारवलेलं आलुबुखार चिरडावं तसे. एकातही रेघ म्हणून उमटली नव्हती.

"चेंडू लागून लागून झालाय तो तसा," मी म्हणाले. "किती वेळा मोडला ते हाडवैद्यसुद्धा विसरला."

"मग डावा घेऊ या."

"डावा याहून वाईट आहे, साहेब," हे म्हणाले, जणू काही यांचाच गुन्हा.

साहेबांनी यांचा हात ओढून घेतला, उलटासुलटा करून पाहिला. "इतक्या वर्षांत मी हा हात पाहिलाच नाही," ते म्हणाले. "तुम्ही थांबताच कुठे?"

तेवढ्यात माझी नजर करारातल्या आकड्यावर गेली. चौथा हिस्सा कापला होता. एप्रनच्या खिशात शिक्का होता, मी मूठ आवळली.

"हात्सुए, आणलायस ना? दे," हे म्हणाले.

"नाही देणार. आधी तो आकडा वाचा. तो चहा प्या. दरवर्षी एवढी कसली हो घाई असते तुम्हाला?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब समोर आहेत हेही विसरले असावेत.

"त्यांचा विचार बदलायच्या आत शिक्का मारतो," हे म्हणाले. "दर डिसेंबरला वाटतं, आता म्हणतील, इवाकिरी, पुरे झालं. मला अजून एक वर्ष खेळायचंय गं."

इतकी वर्षं मी या माणसाला भोळा सांब समजत होते, आणि हा दरवर्षी जीव मुठीत धरून त्या जिन्याच्या पायऱ्या चढत होता. मला म्हणून कधी बोलला नाही. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माया आली.

कचेरीतल्या मुलीने माझा चहा आणून ठेवला. साहेब खाकरले. त्यांनी पेन काढलं, आकडा खोडला आणि गेल्या वर्षीचाच पगार लिहिला.

"एवढाच. आणि एकच वर्ष, इवाकिरी."

साहेब विरघळले होते, शिक्का माझ्या हातात होता. थोडं ताणलं असतं तर वाढूनही मिळालं असतं, बाजारातल्या कुठल्याही बाईला कळेल. शब्द ओठांवर आलेसुद्धा होते. पण शेजारी हे गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास धरून बसले होते.

मी शिक्का काढला, त्याला लागलेलं पीठ फुंकरून उडवलं, शाईत टेकवला आणि कागदावर दाबून धरला. माझ्या चहातून अजून वाफ येत होती.