खारं न्हाण

मे महिन्यात डिचोलीकडची माणसं खाऱ्या न्हाणाला किनाऱ्यावर येतात. सात दिवस समुद्रात बुडी मारली की आखडलेले सांधे मोकळे होतात, असं आमच्याकडे धरून चालतात. माझी मावशीही यायची, पेडण्याला आमच्या घरी उतरायची. त्या साली मी किनाऱ्यावर रखवालदार होतो. दारू नाही, काचेची बाटली नाही, चूल नाही, असा फलक होता; तो पाळायला लावणं हे माझं काम.

इथवर मी सगळ्यांना सांगत आलोय. पुढचं नाही.

त्या सकाळी फलकाखालीच सहा-सात जण बाटल्या घेऊन बसले होते. एकाने रिकामी बाटली खडकावर फोडली. मी पाहिलं. पुढे झालो, तर त्यांतला एक नुसता उठून उभा राहिला, आणि मी वळलो. वळलो तो थेट सुरूच्या झाडांकडे. तिथे मावशी तीन दगड मांडून पेज शिजवत होती. साहेब फेरीवर यायचे होते. मी काहीतरी केलेलं दिसायला हवं होतं.

"मावशी, चूल विझव. नियम आसा."

ती हसली. "पोलीस झालो मरे माझो पूत."

माझा चेहरा पाहिल्यावर मात्र तिने मुकाट्याने चुलीवर वाळू लोटली आणि उपाशीच पाण्याकडे निघाली. चपला झाडाखाली. दर्याला पायताण घालून भेटत नाहीत, हे मला ठाऊक होतं. वाटेत काचा आहेत, हेही. हाक मारली असती तर, मग त्यांना का नाही अडवलंस, असं तिने चारचौघांत विचारलं असतं. मी हाक मारली नाही.

मावशीला साखरेचा आजार. काचेने झालेली जखम चिघळली, पायाची दोन बोटं काढावी लागली.

ती नोकरी मी सोडली, पण तोंड उघडायला कित्येक वर्षं गेली. शेवटी एका चतुर्थीला डिचोलीला जाऊन तिला सगळं सांगितलं. तिने हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाली, "त्यांका भियालंस, ता समाजला. माका चूल विझव म्हणताना भय नाय वाटला?"

तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

आता दर मे महिन्यात मी समुद्राच्या पाण्याचे दोन कॅन भरून बसने तिच्याकडे नेतो. "न्हाणीत दवर," एवढंच ती म्हणते, आणि मी कॅन तिथे ठेवून येतो. त्या पाण्याने न्हाते की ओतून देते, मी विचारलेलं नाही.