शेवटची सोळा पानं

मुलुंडच्या कामगार वस्तीतल्या वाचनालयात रहस्यकथांचं एक कपाट होतं. निवृत्त झाल्यापासून तेरा वर्षं धोंडू राण्यानं ते सांभाळलं. पुस्तकं एकशे चाळीस, सगळी जुनी. प्रत्येकाची शिवण त्यानं स्वतः उसवून पुन्हा घातली होती, आणि प्रत्येकाची शेवटची सोळा पानं कागदी पट्टी चिकटवून बंद केली होती.

नियम साधा होता. पट्टीपर्यंत वाचायचं. मग चिठ्ठीवर गुन्हेगाराचं नाव लिहायचं आणि ते कशावरून, हे पान नंबरासकट. त्यानंतर धोंडू ब्लेडनं पट्टी कापायचा. वाचून झालं की नवी पट्टी. चिठ्ठी तो तिथंच फाडायचा, पुढच्यानं नक्कल करू नये म्हणून. पुस्तक घरी न्यायला बंदी. घरी माणूस चोरून शेवट बघतो. भिंतीलगतच्या बाकावर बसूनच वाचायचं.

त्या बाकावर सगळ्यात नेमानं यायचा सुबोध, धोंडूच्याच कारखान्यातला जुना वेल्डर.

“बायकोच असणार रे. तोंडावरूनच कळतं.”

“पान सांग, पान. अंदाज घराक ठेव.”

“मेल्या, तू पोलिसात जायला पाहिजे होतंस.”

“गेलो असतो तर आधी तुलाच आत टाकला असता.”

सुबोध कुरकुरत मागची पानं पुन्हा चाळायचा. कधी नाव बरोबर निघायचं. मग दोन दिवस तो वस्तीत छाती काढून फिरायचा.

लोकांना वाटे, धोंडूला खुनांची आवड. खुनाचं त्याला काही नव्हतं. तो फिटर असताना कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली प्रीतम नावाच्या कामगाराचा हात गेला. प्रेसपुढची संरक्षक जाळी आदल्याच दिवशी काढली होती, माल जास्त निघावा म्हणून. तिचे चार बोल्ट खुद्द धोंडूनं काढले होते, साहेबाच्या तोंडी हुकमावरून. चौकशीत त्यानं तसं सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही. अहवालात आलं, कामगाराचा हलगर्जीपणा.

पुस्तकात असं होत नाही. तिथं कुणी म्हटलं की बोल्ट जागेवर नाहीत, तर तपास करणारा गुडघे टेकून ती भोकं बघतो. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची असो की चाळीस, लोक ती अजून वाचतात ते याचसाठी, असं धोंडूचं मत होतं. कुणीतरी वाकून बघतं म्हणून.

यंदा समितीनं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलं. जागा हवी होती. तीन वर्षांत ज्या कपाटातलं पुस्तक बाहेर गेलं नाही, ते कपाट हलवायचं. ग्रंथपाल श्वेतानं देवघेवीची वही उघडली. कादंबऱ्यांची पानं भरली होती, पाककृतींचीसुद्धा. रहस्यकथांचं पान कोरं.

“काका, वाट लागली. एक नोंद नाही.”

“कशी असणार? मी न्यायलाच देत नाही.”

“मला माहितीये. पण ते वहीच बघणार ना. मी मागच्या तारखा टाकते. दोन-तीन पेनं वापरते, कुणाला कळतंय?”

धोंडूनं वही मिटली. “खोटा पुरावा नको. माझ्याकडे खरा साक्षीदार आहे.”

रविवारी सकाळी सभा भरली. कार्यवाह अनुपमा सावंत समजुतीनं बोलत होत्या. “धोंडूकाका, तुमची मेहनत दिसते. पण वापर कुठं दिसतोय?”

“लोक बाकावर बसून वाचतात. यातली निम्मी पुस्तकं वाचलेला माणूस इथंच बसलाय. विचारा त्याला.”

सगळ्यांनी सुबोधकडे पाहिलं.

सुबोधनं चष्मा काढून पुसला. “बसतो मी कधीमधी. पंखा बरा आहे तिथला. पुस्तक असतं हातात... पण वाचतो असं काही नाही.”

मागं कुणीतरी हसलं. ठराव मंजूर झाला. मग अनुपमाबाईंनी अभ्यासिकेच्या मुलांची यादी वाचली. पहिलंच नाव सुयोग, सुबोधचा नातू. ती यादी आठवडाभर दारावर लागलेली होती. रोज तिच्यासमोरून आत येणाऱ्या धोंडूनं ती वाचली नव्हती.

सभेनंतर सुबोधनं त्याला पायरीवर गाठलं.

“घरात जागा नाही रे. दहा बाय बारात सहा माणसं. पोरगा जिन्यात बसून अभ्यास करतो. तू काय केलं असतंस?”

धोंडू दारावरची यादी वाचू लागला.

“शिव्या तरी घाल.”

सुबोधला उभं राहवेना, जाववेनाही. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, “माझं ते विहिरीतल्या प्रेताचं अर्धंच राहिलं. तेवढं पुरं करू दे ना.”

“पुतण्यानं मारला,” धोंडू म्हणाला. “घड्याळ मागं केलं होतं. पान ऐंशी.”

सुबोध बघतच राहिला. तेरा वर्षांत धोंडूनं कुणालाही शेवट सांगितला नव्हता. “सांगून टाकलंस?”

“तुला वाचायचे कष्ट कशाला?”

एवढं बोलून तो आत गेला. कपाट संध्याकाळपर्यंत रिकामं हवं होतं, आणि ते काम दुसऱ्या कुणाला नीट जमलं नसतं.