निळा दिवा बंद करा

देवानं रंग करताना आमच्या भाटव्यांना विचारलं असतं, तर निम्मे रंग त्यानं केलेच नसते, असं भाटव्यांचं स्वतःचं मत आहे आणि ते त्यांनी कधी लपवून ठेवलेलं नाही. भाटवे म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुसदच्या बाजारात त्यांचं मॅचिंग सेंटर आहे. पुढं दुकान, मागं घर. साडीवर ब्लाउजपीस शोधायला आलेल्या बाईला भाटवे आधी साडीसकट दुकानाबाहेर ओट्यावर काढतात. "टूबलाइट खोटं बोलते बाई, उनात चाला." मग साडी उन्हात धरायची, तिच्यावर कापड ठेवायचं, डोळे बारीक करायचे, आणि बहुतेक वेळा "जुळत नाही" म्हणून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं. अर्ध्या शेडचा फरक दिसतो कुणाला? त्या बाईलाही दिसत नाही, आणि तिच्या नवऱ्याला तर साडीच दिसत नाही. पण भाटव्यांना दिसतो. गल्ल्यावर बसलेली माझी ताई कपाळाला हात लावायची. एकदा नात्यातल्या लग्नासाठी ते मुंबईला गेले, तेव्हा लोकांनी त्यांना हौसेनं समुद्र दाखवायला नेलं. भाटव्यांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "शेड उडाली हाये याची."

असा माणूस मासे पाळायला लागला की काय होईल? साधे मासे नाहीत, समुद्रातले. पुसदपासून कुठल्याही दिशेला गेलं तरी समुद्र लांबच, पण भाटव्यांनी तो बैठकीत काचेच्या पेटीत भरून ठेवला होता. कॅनचं पाणी, पार्सलनं येणारं खास मीठ, पंप, वर निळा दिवा, आणि उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून पेटीकडं तोंड केलेला कूलर. लाइन गेली की घरातला इन्व्हर्टर फक्त पेटीसाठी. मी एकदा भर मे महिन्यात आमच्या बाभुळगावहून गेलो, तर मासे गार वाऱ्यात आणि ताई मला साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घालतेय. मी चिडून म्हटलं, "भाऊजी, मी पाहुणा हाओ या घरचा." भाटवे शांतपणे म्हणाले, "तुमाले घाम येते, त्याइले येत नाही." आता या माणसाशी काय भांडणार?

पण पाळणं हा नुसता बहाणा. खरा नाद होता वेगळ्या रंगाचा मासा ओळखण्याचा. नारिंगी क्लाउन माशाच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. क्वचित एखाद्याचा पट्टा मधेच तुटलेला निघतो. पिवळाधमक टँग मासा असतो, त्यातला एखादा जन्मतःच पांढऱ्या डागांचा निघतो. शौकिनांत अशा माशाचा मान मोठा. म्हणून कुठकुठले लोक आपापल्या माशांचे फोटो भाटव्यांच्या मोबाइलवर पाठवायचे आणि विचारायचे, हा दुर्मिळ का? भाटव्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं: "पहले नीला लाइट बंद करो." निळ्या दिव्यात मरायला टेकलेला मासासुद्धा नवरदेवासारखा दिसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. दिवसाच्या उजेडातला फोटो आला की मग निकाल. सुरतच्या एका शेटजींनी पिवळ्या माशावर पांढरा पट्टा उमटल्याचा फोटो मोठ्या आनंदानं पाठवला होता. भाटव्यांनी कळवलं, "वो सोया है. सुबे देखो." सकाळी पट्टा गायब. कुणा मल्याळी पोराला ते फोनवर ओरडून सांगत होते, "ये आमसुली है, आमसुली! नहीं समझता? तेरी भाभी से पूछ!" त्या बिचाऱ्याला भाभी आहे की नाही, कोण जाणे. पण गंमत बाजूला ठेवली तर त्यांचा सगळा न्याय एका गोष्टीवर चालायचा. रंग जन्माचा की दुखण्याचा? दुखण्याचा असला की ते तोंडावर सांगायचे, "हा रंग नाही, दुखनं हाये." समोरच्याचा हिरमोड व्हायचा, पण औषध वेळेवर पडायचं आणि मासा वाचायचा.

ताईचा रंग बदलला तोही पहिल्यांदा त्यांनीच पाहिला. ती ओट्यावर उन्हात बसून फॉलच्या पट्ट्या लावून ठेवत होती. भाटवे तिच्याकडं बघत राहिले आणि ऐन बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून तिला यवतमाळला घेऊन गेले. तिथून नागपूर. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि आता घरीच न्या म्हणाले. कावीळ वरवरची होती, आतल्या गाठीवर इलाज उरला नव्हता.

मी पुसदला पोचलो तेव्हा दुपार होती आणि बैठकीतले पडदे लावलेले. ताईची खाट पेटीला लागून ठेवलेली. पांढरी टूबलाइट काढून टाकलेली, उजेड काय तो माशांच्या निळ्या दिव्याचा. "उजेडाचा तरास होते तिले," भाटवे म्हणाले. त्या निळ्या उजेडात ताई मला नेहमीसारखीच दिसली. मी वेडा, खूश होऊन म्हणालो, "ताई, तू तं चांगली दिसून राह्यली!" ताई हसली. भाटवे चहा टाकायला आत गेल्यावर मला जवळ बोलावून म्हणाली, "मले कायचा आला तरास? तरास त्याइले होते. साऱ्या दुनियेले निळा दिवा बंद कराले लावते हा मानूस, अन् मले निळ्या दिव्यात ठेवते. माह्यं पिवळं अंग पाहाची हिंमत नाही त्याइची."

मग तिनं मनातलं सांगितलं. तिला ओट्यावर उन्हात बसायचं होतं. आणि आमच्याकडं नवऱ्याच्या आधी जाणाऱ्या बाईला हिरवं लुगडं नेसवून नेतात, ते लुगडं भाटव्यांनी आत्ताच, तिच्या अंगाला लावून निवडावं, एवढंच तिचं म्हणणं. "मागून बाया कोनतं बी हिरवं आनतीन, बापू. जनमभर याइच्या दुकानात बसली मी. जुळत नसलेल्या रंगात कायले जाऊ?" मला रडू आवरेना. संध्याकाळी मी भाटव्यांजवळ विषय काढला, तर त्यांनी माशांच्या खाद्याचं सुरू केलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका संताप आला की ती पेटी खाली लोटून द्यावीशी वाटली. माझी बहीण चालली होती आणि हा गृहस्थ पडदा सरकवायला तयार नव्हता.

त्याच दिवसांत एक विपरीत गोष्ट सुरू झाली होती. दुर्मिळ मासे फार निघायला लागले. कुणी कसलाही फोटो पाठवो, फिका, डागाळलेला, पांढुरका पडलेला, भाटवे लगेच कळवायचे, "पैदाइशी रंग है. नसीबवाले हो." निळा दिवा बंद करा म्हणणं त्यांनी सोडून दिलं होतं. लोक आनंदानं वेडे झाले होते. दुखणं हा शब्दच त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

मग एका दुपारी सुरतच्या शेटजींचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. शेटजी ओरडत नव्हते, तेच वाईट. "आपने बोला था पैदाइशी है. मैंने दवा नहीं डाली. वो मर गया, और बाकी के भी जा रहे हैं. आपका भरोसा था, भाईसाब." समोरून फोन बंद झाला तरी भाटवे तो हातात धरून उभेच.

"अजी," खाटेवरून ताई म्हणाली, "तो पडदा सरकवा."

भाटव्यांनी पडदा सरकवला. मग स्वतःच्या हातानं निळा दिवा बंद केला. दुपारचा लख्ख उजेड खोलीत आला आणि मी मान फिरवली. डोळे, तळहात, नखं, सगळी ताई पिवळी झाली होती. भाटव्यांनी मात्र नजर काढली नाही. डोळे बारीक करून, साडीकडं बघतात तसे ते तिच्याकडं बघत राहिले.

"सांगा," ताई म्हणाली.

"दुखनं हाये," भाटवे म्हणाले आणि खाटेच्या कडेला बसून लहान लेकरासारखे हमसून रडले. ताईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "मले माहीत हाये. आता लुगडं दाखवा."

आम्ही तिला खुर्चीसकट ओट्यावर आणलं. भाटवे शेजारच्या साडीच्या दुकानातून हिरव्या साड्या आणायला लागले. एकेक आणायचे, तिच्या खांद्यावर टाकायचे, मागं सरून बघायचे आणि मान हलवायचे. ही फार पोपटी, ही शेवाळी, हिचा काठ भडक. ताईसुद्धा काही कमी नव्हती, "पदर दाखवा" म्हणून तिनं चांगल्या चांगल्या साड्या नाकारल्या. बाजारातल्या बाया उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, यातली एकही पसंत पडू नये म्हणून हा माणूस धावतोय. ऊन समोरच्या इमारतीआड गेलं, तसा त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आता रंग समजत नाही," ते म्हणाले. "उद्या पाहू."

"उद्या नाही," ताई म्हणाली. मांडीवरची साडी तिनं चाचपली. "हेच घ्या."

भाटव्यांनी साडीची घडी घातली. मान खाली घालून, इतक्या वर्षांच्या दुकानदारीच्या सवयीनं विचारलं, "पिको-फॉल करून देऊ?"

"करा ना," ताई म्हणाली, "मले कुठं घाई हाये."

भाटवे दुकानात जाऊन मशीनवर बसले. एरवी बोलता बोलता फॉल लावून मोकळा होणारा माणूस, त्या संध्याकाळी एकेक टाका थांबून थांबून घालत होता. आम्ही दोघं भावंडं ओट्यावर बसून मशीनचा आवाज ऐकत राहिलो.