पेटीचं अस्तर

थोरलीला कुणी कंजूष म्हटलं की ती वरवर हसायची आणि म्हणणाऱ्याचं नाव मनात पक्कं करून ठेवायची. तिचा धंदा शिवणकामाचा. इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, खिडकीशी तिचं मशीन. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, झिजलेली कॉलर उलटवून पुन्हा लावणं, असली कामं. मशीन मुळात सासूबाईंचं. त्यांनी उमेदीची वर्षं कपड्यांच्या दुकानासाठी शर्ट शिवण्यात घालवली. डोळे अधू झाले तेव्हा मशीन सुनेच्या हवाली केलं आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसल्या. थोरलीचं काम झालं की त्या कपडा हातात घेत, शिवणीवरून बोट फिरवत आणि परत देत. नाव ठेवायला जागा नसली की गप्प बसत. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून "छान" म्हणून कधी निघालं नव्हतं, आणि थोरलीला नेमकं तेवढंच हवं होतं.

बाकी तिच्या चिंगूसपणाच्या कथा इमारतभर झाल्या होत्या. चादर मध्ये विरली की ती उभी फाडायची, धडक्या कडा मध्ये घेऊन पुन्हा शिवायची आणि वर आणखी चार वर्षं वापरायची. इस्त्री एकदा तापली की सगळे कपडे एका दमात उरकायचे, आणि शेवटचे दोन कपडे तर बटण बंद करून उरलेल्या धगीवर. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना. माणूस खोलीतून उठला की दिवा बंद, मग तो माणूस नुसता पाणी प्यायला का उठलेला असेना. "हिच्या घरात उजेडसुद्धा मोजून मिळतो," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि येणारे-जाणारे पोट धरून हसत.

धाकटी जाऊ तिसऱ्या मजल्यावर राहायची. मोठ्या ऑफिसात नोकरी. परवापरवापर्यंत तिच्याकडे एसी चालू आणि खिडकी उघडी असायची, कपडे वाळवायला वेगळं मशीन, आणि कोपऱ्यावर जायचं तरी गाडी. मग ऑफिसात कुणाचं तरी व्याख्यान झालं आणि बाईसाहेब एकदम बदलल्या. कपडे दोरीवर आले, गाडी आठवडाभर जागची हलेना, स्वयंपाकघरातल्या सालांचं गॅलरीत खत होऊ लागलं. "आपल्या घराचा कार्बन आपणच कमी करायचा," असं ती लिफ्टपाशी उभी राहून सांगायची आणि मग जिन्याने वर जायची. लोक तिचं घर बघायला येऊ लागले.

"धाकटीकडून शीक काहीतरी," सासूबाई थोरलीला म्हणाल्या. "जगाचा विचार करते पोर."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. "मी केलं तर चिंगूसपणा, तिनं केलं तर जगाचा विचार!" ती नवऱ्याला म्हणाली. नवरा जेवत होता. "दोघी चांगल्याच आहात," तो म्हणाला. असले नवरे भांडणाच्याही कामाचे नसतात.

धाकटीत खोट काढावी तर तीही सापडेना. बोलायला गोड, मनाने सरळ. त्याचा थोरलीला जास्तच राग यायचा.

अशात धाकटी एक लाकडी पेटी घेऊन खाली आली. भाताला गॅसवर उकळी आणायची, पातेलं लगेच या पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं. पेटीत चहूबाजूंनी चिंध्या दाबून भरलेल्या, त्यामुळे भात आपल्या वाफेवर शिजतो, गॅस वाचतो. रविवारी गच्चीवर सगळ्या इमारतीला ती हे करून दाखवणार होती.

"ताई, आतून अस्तर शिवून द्याल? तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार?"

"ठेव तिथे," थोरली म्हणाली.

कपाटात कॉलरचं बकरम होतं. पांढरंशुभ्र, लांबून बघणाऱ्याला साधं सुती कापड वाटावं असं. पण त्याच्या एका बाजूला बारीक चकाकी असते. तो डिंक. इस्त्री फिरवली की वितळतो आणि कापडाला धरून बसतो. शेजारीच चांगलं सुती कापडही होतं. थोरलीचा हात आधी त्याच्यावरच गेला होता. मग वरच्या मजल्यावरून कुणाचं तरी हसणं ऐकू आलं, "कमाल आहे हो तुमची!" असं कुणीतरी धाकटीला म्हणालं, आणि थोरलीने बकरम ओढलं. चकाकी वर ठेवली, पातेल्याच्या बाजूला. टाके मात्र नेहमीसारखे सरळ घातले.

रविवारी गच्ची भरली. धाकटीने उकळतं पातेलं पेटीत ठेवलं आणि भात होईपर्यंत बोलत राहिली. थोरली मागे भिंतीला टेकून उभी. आता फजिती होणार म्हणून तिला आतून उकळ्या फुटत होत्या.

"आणि खरं सांगू का," धाकटी म्हणाली, "यातलं निम्मं मी आमच्या ताईंचं बघून शिकले. हे अस्तरही त्यांचंच. त्या कधीपासून हे सगळं करतायत, आपण नुसते हसलो."

सगळ्या माना मागे वळल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. "थांब गं, उघडू नको," असं थोरलीच्या ओठांवर आलं, पण उघडू नको का, हे कसं सांगणार?

धाकटीने पातेलं उचललं. ते अस्तरासकट वर आलं, झगा घातल्यासारखं. शिवण उसवली आणि चिंध्या गच्चीभर पसरल्या. लोक आधी चपापले, मग हसत सुटले. "आपला गॅसच बरा बुवा!" म्हणत एकेक जण उठू लागला. धाकटी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

सासूबाई काठी टेकत पुढे आल्या. अस्तराचा सुटा कोपरा त्यांनी चिमटीत धरून चोळला.

"बकरम आहे," त्या म्हणाल्या. "डिंकाची बाजू वर."

"चुकून झालं असेल हो आई," धाकटी म्हणाली. "ताईंना घाईत दिसलं नसेल."

"हिला?" सासूबाईंनी थोरलीकडे तोंड केलं. "इतकी वर्षं हिच्या शेजारी बसलेय मी. हिच्यासारखा हात माझासुद्धा नव्हता. कापडाची उलटी-सुलटी बाजू हिच्याकडून एकदाही चुकलेली नाही."

थोरली खाली बसली आणि मान वर न करता चिंध्या गोळा करू लागली.