डावा गाल कॅमेऱ्याकडे

“कपाळाला आठ्या घाला,” डॉक्टर हाला म्हणाल्या.

मी घातल्या. निदान मला तरी वाटलं की घातल्या. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. कपाळाचा डावा भाग आठ्यांनी भरलेला आणि उजवा इस्त्री फिरवल्यासारखा सपाट.

“छान!” त्या म्हणाल्या. “हा स्ट्रोक नाही.”

माझं अर्धं तोंड लोंबतंय आणि ह्या बाई छान म्हणतायत! पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. स्ट्रोकमध्ये तोंड वाकडं झालं तरी सहसा कपाळ हलतं. माझं कपाळच हलत नव्हतं, हातापायांत पूर्ण ताकद होती, बोलण्यात घोटाळा नव्हता. म्हणजे बिघाड मेंदूत नव्हता, चेहऱ्याच्या नसेत होता. आजाराचं नाव बेल्स पाल्सी. कानामागून चेहऱ्याकडे येणारी नस सुजते आणि त्या बाजूचा चेहरा संपावर जातो. बहुतेकांचा परत कामावर येतो, वेळ लागतो इतकंच.

डॉक्टर हाला इराकी होत्या. त्या इंग्रजीत बोलायच्या, मी इथे मराठीत सांगतेय. हा सगळा प्रकार नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा. आम्ही शारजात अल नहदाला राहायचो. सायमन, माझा नवरा, एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचा. मी दुबईच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होते. आता बघा, नशीब कसं असतं! जिला दिवसभर हसण्याचा पगार मिळतो, नेमकं तिचंच हसू अर्ध्यावर बंद पडलं.

त्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून नाइटीवर सांडलं. आदल्या दिवशी कानामागे दुखत होतं, पण मी एसीला शिव्या देऊन गप्प बसले होते. चहा प्यायला बसले तर तोही सांडला. सायमन म्हणाला, “ग्रेस, सकाळी सकाळी काय चेष्टा आहे?” आणि आमची सहा वर्षांची रिया म्हणाली, “मम्मा, स्टॉप मेकिंग दॅट फेस!”

मी कुठे काय करत होते? बेसिनच्या आरशात पाहिलं तर तोंडाचा उजवा कोपरा खाली लोंबत होता. सायमनने गाडीची किल्ली उचलली ती पायात चपला न घालताच.

इथे एक सांगून ठेवते. तुमच्या घरी कुणाचं तोंड असं अचानक वाकडं झालं तर आठ्या घालून घरच्या घरी निदान करत बसू नका. थेट इमर्जन्सी गाठा. स्ट्रोक आहे की नाही ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

मला स्टेरॉइडच्या गोळ्या मिळाल्या, नसेची सूज उतरवणाऱ्या. उजवा डोळा मिटतच नव्हता, म्हणून दिवसभर घालायचे थेंब आणि झोपताना पापणीवर लावायची टेप. डोळा उघडा राहिला तर बुबुळ सुकून जखम होते, तेव्हा ह्यात आळस नको, असं डॉक्टरांनी बजावलं.

मग त्यांनी कपाटातून एक भलामोठा कॅमेरा काढला. झटपट फोटो बाहेर येणारा, पोलरॉइड.

“दर काही आठवड्यांनी फोटो काढायचे,” त्या म्हणाल्या. “चेहरा इतका हळू सुधारतो की रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. फोटोत कळतं.”

मी विचारलं, हाच कॅमेरा का? तर म्हणाल्या, साधा रोल धुवायला स्टुडिओत द्यावा लागतो. त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका परक्या पुरुषासमोर चेहरा उघडत नाहीत. त्यांचे फोटो स्टुडिओतल्या पोराच्या हातात कसे द्यायचे? ह्या कॅमेऱ्यातला फोटो इथेच निघतो आणि इथेच फाइलमध्ये राहतो. मला हे फार आवडलं.

तेवढ्यात बाहेर एक लहान मूल पडलं म्हणून डॉक्टरांना बोलावणं आलं. कॅमेरा त्यांनी लिझाच्या हातात दिला. लिझा त्यांची फिलिपिनो नर्स, गोड मुलगी. मी म्हटलं, “एक मिनिट हं.” पर्समधली लिपस्टिक काढून लावली, केस सारखे केले. फोटो काढायचा म्हणजे असं अवतारात बसायचं का?

“स्माईल, मॅडम!” लिझा म्हणाली.

मी हसले. कट्‌कन फोटो बाहेर आला. लिझाने तो हलवून वाळवला आणि म्हणाली, “सो प्रिटी!” मलाही बरं वाटलं. फोटो फाइलमध्ये गेला.

पुढचे दिवस कंटाळवाणे होते. हॉटेलच्या लेबनीज मॅनेजरने मला मागच्या ऑफिसात बसवलं. “हबीबती, टेक युवर टाइम,” तो लाडाने म्हणाला, पण काउंटरकडे बोट दाखवून नाही म्हणून मान हलवली. खलास. मी आत बसून बुकिंगचे फॅक्स लावायचे आणि बाहेर दुसऱ्या मुलीचं “गुड मॉर्निंग सर” ऐकायचे. फार चरफडायचे. दहा वर्षं ते काउंटर माझं होतं हो!

जेवताना हाताने ओठ धरायचा, घास उजव्या गालात अडकला की बोटाने काढायचा. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायचं सोडलं. बिल्डिंगमधल्या बायका सल्ले द्यायला टपलेल्याच होत्या. एकीने जायफळ उगाळून लाव म्हटलं, एकीने घरातला एसीच बंद करायला सांगितलं. जुलै महिन्यात, शारजात! मी हात जोडले. सायमन रोज म्हणायचा, “आज बरं दिसतंय.” रोजच म्हणायचा, त्यामुळे त्यावरचा माझा विश्वास उडाला. बाथरूमच्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला.

त्यात डॉक्टर हाला सुट्टीवर गेल्या. गल्फमधल्या उन्हाळ्यात निम्मं गाव सुट्टीवर जातं, डॉक्टर तरी कसे अपवाद असणार? त्यांच्या जागी एक तरुण केरळी डॉक्टर आले होते. माणूस फार व्यवस्थित. त्यांनी मला खुर्चीत सरळ बसवलं, लिपस्टिक पुसायला लावली, केस मागे बांधायला लावले आणि समोरून स्वतः फोटो काढला. “दात दाखवा, जोरात.” मी दाखवले.

मग त्यांनी पहिला फोटो आणि हा फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघायला लागले. डॉक्टर असे बघायला लागले की पेशंटचं काय होतं ते पेशंटलाच ठाऊक.

“मॅडम, सुरुवातीला फार सौम्य होतं,” ते म्हणाले. “आता वाढलेलं दिसतंय. बेल्स पाल्सी असं वागत नाही. ती सुरुवातीलाच काय ते बिघडवते, मग थांबते आणि सुधारते. इतक्या आठवड्यांनी जर वाढत असेल, तर नसेवर दुसरं काही दाब देत नाही ना, ते बघायला हवं.”

“दुसरं काही म्हणजे?”

“गाठ वगैरे. नसेलही. पण एमआरआय करू.”

एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात झोपवून डोक्याच्या आतली चित्रं काढतात. पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली. मी म्हटलं सुद्धा, “डॉक्टर, डोळा जरा मिटायला लागलाय असं वाटतं.” पण ते मी इतक्या हळू आवाजात म्हटलं, की माझ्याच कानाला खोटं वाटलं. फोटो समोर होता. फोटो कसा खोटं बोलेल?

गाठ. घरी येईपर्यंत गाडीत एवढा एकच शब्द डोक्यात. रियाला कोण बघेल इथपासून मी सुरुवात केली आणि सायमनच्या दुसऱ्या लग्नापर्यंत जाऊन पोचले. स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता रडले, म्हणजे कुणी विचारायला नको.

जेवणं झाल्यावर रिया काहीतरी चाळत बसली होती. आमच्या लग्नाचा अल्बम. तिला त्यातला केक फार आवडतो. ती बोट ठेवून म्हणाली, “मम्मा, व्हाय इज युवर फेस सेम इन एव्हरी फोटो?”

सायमनने वाकून पाहिलं. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग एकदम कपाळावर हात मारून ओरडला, “अगं बाई ग्रेस! तू क्लिनिकमध्ये हाच चेहरा दिलास का?”

आता तुम्हाला ह्याची मुळं सांगायला हवीत. माझा वरचा उजवा सुळा वाकडा आहे. लग्न ठरवायच्या वेळी आई मला वसईच्या स्टुडिओत घेऊन गेली. स्थळाला पाठवायचा फोटो म्हणजे केवढं प्रकरण! स्टुडिओवाले अंकल म्हणाले, “ग्रेसी, डावा गाल कॅमेऱ्याकडे. ओठ मिटून हस. दात नको.” आईने घरी आरशासमोर उभं करून सराव करून घेतला. तेव्हापासून कुणी “स्माईल” म्हटलं की माझी मान आपोआप वळते, ओठ मिटतात. साखरपुडा, लग्न, रियाचा बाप्तिस्मा, हॉटेलचा स्टाफ फोटो, सगळीकडे तोच डावा गाल. मला पत्ताही नसतो.

लिझाने “स्माईल” म्हटलं आणि मी माझा आजारी उजवा गाल अगदी व्यवस्थित लपवून बसले! पहिला फोटो सौम्य दिसणार नाही तर काय? वाढलं काहीच नव्हतं. आधी दिसलंच नव्हतं.

“मी तरी काय,” सायमन म्हणाला, “डाव्या गालालाच होकार कळवला होता. उजवा लग्नानंतर कळला.”

मी हसले. कित्येक आठवड्यांनी मोठ्याने हसले, आणि रडलेही.

दुसऱ्या दिवशी अल्बम काखेत मारून आम्ही क्लिनिकमध्ये हजर. डॉक्टर हाला सुट्टीवरून परतल्या होत्या. दोन्ही डॉक्टर शेजारी शेजारी बसून आमच्या लग्नाचा अल्बम बघतायत, हे दृश्य मी कधी विसरणार नाही. केरळी डॉक्टरांनी प्रत्येक पानावर मान डोलवली. हालाबाई आधी हसल्या आणि मग गंभीर झाल्या.

“चूक आमची आहे,” त्या म्हणाल्या. “पेशंटला ‘स्माईल’ म्हणायचंच नाही. पहिल्या दिवशी तुमची पापणी मी बोटाने खाली ओढली होती, मला पक्कं आठवतं. आता मिटा बघू डोळे.”

मी मिटले. उजवा डोळा अगदी बारीक फट ठेवून मिटला.

“स्वतःहून मिटला,” त्या म्हणाल्या. “तुम्ही सुधारताय.”

माझा जीव भांड्यात पडला. तरी एमआरआय करून टाकू, मनात शंका नको, असं दोघांनीही सांगितलं आणि ते बरोबरच होतं. बोगद्यात हातोडे आपटल्यासारखा आवाज येतो, पण मी रोझरीची माळ म्हणत पडून राहिले. रिपोर्ट स्वच्छ आला. गाठबीठ काही नाही.

त्यानंतर त्या क्लिनिकची पद्धतच बदलली. खुर्चीच्या पायांजवळ जमिनीवर पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे खुर्ची हलायला नको. समोरच्या भिंतीवर नाकाच्या रेषेत एक फुली. मान त्या फुलीकडे. लिपस्टिक बंद. लिझा आता हसायला सांगत नसे, हुकूम सोडायची. “भुवया वर! डोळे घट्ट! गाल फुगवा! दात!” प्रत्येक हालचालीचा वेगळा फोटो. त्या फोटोंत मी इतकी भयंकर दिसायचे की काय सांगू. पण बाई, त्या फोटोंनीच मला धीर दिला. एका महिन्यात डोळ्याची फट गेली. पुढच्या महिन्यात कपाळावर उजवीकडे एक आठी उमटली, एकच. ती दाखवायला मी सायमनला ऑफिसात फोन केला. फोनवर आठी कशी दाखवणार, हे ठेवल्यावर लक्षात आलं!

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली, तर माझं ऐका. डॉक्टरांच्या कॅमेऱ्यासमोर नटू नका. तो फोटो पाहुण्यांना दाखवायचा नसतो. तिथे जितकं वाईट दिसाल तितकं चांगलं. आणि आरशावर टॉवेल टाकू नका, मी टाकला आणि उगाच महिनाभर अंधारात राहिले.

हिवाळ्यातला पर्यटकांचा सीझन सुरू व्हायच्या आत मी काउंटरवर परतले. मॅनेजरने “यल्ला, ग्रेस! चल!” म्हणून माझी नेमप्लेट स्वतः लावली. थकले की उजवा डोळा अजून जरासा बारीक होतो. होऊ दे. गिऱ्हाइकांना वाटतं मी डोळा मारतेय.

नाताळात आम्ही वसईला गेलो. धाकट्या भावाचं लग्न होतं. फोटो काढायला तेच स्टुडिओवाले अंकल, आता केस पिकलेले. सगळे ओळीत उभे राहिले. अंकलनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, “ग्रेसी, डावा गाल.”

माझी मान वळायला लागली होती. मी ती परत आणली, सरळ अंकलच्या डोळ्यांत बघितलं आणि तोंडभर हसले.

फोटो धुऊन आला तेव्हा आईने तो डोळ्यांजवळ धरला आणि तिचा चेहरा पडला. “अगं, काय हे! तो सुळा किती दिसतोय.”

“दिसू दे गं आई,” मी म्हटलं. “उजवा ओठ वर जातोय, म्हणून तर दिसतोय.”

आईने फोटो परत नीट पाहिला. मग पदराने पुसला आणि येशूच्या तसबिरीशेजारी ठेवला, समोरून दिसेल असा.